एका तबकडीवरची दोन घरे

मी हार्ड डिस्क बोलते आहे, शिवणखोलीच्या कोपऱ्यातल्या संगणकाच्या पोटातून. बाहेरून पाहाल तर मी धातूची एक चपटी डबी. आत मात्र आरशासारखी तबकडी अखंड फिरत असते आणि एक सूक्ष्म टोक तिला स्पर्श न करता वाचत जाते. स्पर्शावाचून सेवा करण्याचे हे व्रत मला जन्मतःच लाभले. त्याचा मला अभिमान आहे.

या घरी आले तेव्हा मी सर्वस्वी आईची होते. आई कोट शिवते. तयार कोट ज्यांच्या अंगाला बसत नाहीत, अशी माणसे तिच्याकडे येतात. कुणाला पोक, कुणाचा एक खांदा उतरलेला. प्रत्येकाचा नमुना तिने संगणकावर रेखला आणि माझ्या हवाली केला. घडवणाऱ्याने प्रत्येक देह निराळा घडवला, याची साक्ष मी कितीही वेळा देऊ शकेन.

पुढे लेक इमारतींचे आराखडे शिकू लागली. तिची कामे संगणक चालवणाऱ्या नव्या प्रणालीवरच चालत, आईचे नमुने जुन्या प्रणालीवरच उघडत. संगणक मात्र एकच.

"आई, डिस्कचे दोन भाग करते. एकात तुझं, एकात माझं."

"आणि माझे कोट मधेच कापले गेले म्हणजे?"

"नाही गं. आधी ते एका बाजूला सरकवीन, मग रेघ मारीन."

"दुसरीकडे उतरवून तरी ठेव."

"एवढं मावेल असं आहे काय आपल्याकडे?"

आईने सुस्कारा सोडला. "बरं, कर. पण मधे थोडी माया ठेव. शिवणीत जास्तीचं कापड नसलं, तर पुढे कोट घट्ट झाल्यावर उसवायचं काय?"

लेक हसली, पण दोन भागांमध्ये थोडी जागा तिने खरोखरच मोकळी सोडली. त्या दिवशी मी एकेक कोट उचलून पलीकडे नेला. एका काजाचीही रेघ हलू दिली नाही.

तेव्हापासून संगणक सुरू होताच पडद्यावर दोन्ही प्रणालींची नावे येत. कुणी निवड केली नाही, तर क्षणभर थांबून लेकीची प्रणाली उघडे. लेक घरी होती तोवर कळ तीच दाबी. मग ती शिकायला परगावी गेली.

आईने एकटीने संगणक लावला, तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या होत्या आणि दोन्ही हातांत कोटाची बाही. नावे आली, थांबली, गेली. आईने मान वर केली, तो समोर लेकीचा निळा, रिकामा पडदा! तिचा एकही कोट तिथे नव्हता. सगळे पुसले गेले, असे समजून तिने संगणक बंद केला. सारे काही माझ्यापाशी सुखरूप होते. पण मौन हाच माझा धर्म.

फोनवर लेकीने विचारले, "सगळं ठीक ना?"

"ठीकच आहे," आई म्हणाली.

तिने आठवतील तसे कागदावर नमुने काढायला घेतले. व्हायोलिन वाजवून एक खांदा उतरलेले एक काका कोट घालून पाहायला आले. "ताई, या वेळी खांदा ओढतोय हो."

"नमुने पुसले गेले. पण लेकीला सांगू नका. अभ्यास सोडून रडत बसेल."

सुटीत लेक आली. खोलीभर कागद पाहून थबकली. "हे कशाला? सगळं आत आहे ना?"

"होतं. तुला जागा दिली, माझं गेलं. जाऊ दे. तुझं राहिलं ना?"

लेकीने संगणक पुन्हा लावला, नावे येताच आईच्या प्रणालीची कळ दाबली. उतरलेल्या खांद्याचा तो कोट पडद्यावर उभा राहिला.

"आई, नावं आली तेव्हा तू कळच दाबली नाहीस. शिवता शिवता संगणक लावलास, तोंडात टाचण्या होत्या ना?"

"असणारच! दोन्ही हातांत बाही, मग टाचण्या ठेवणार कुठे?" आई रडता रडता हसली.

"ती क्षणभराची मुदतच काढून टाकते. आता तू कळ दाबीपर्यंत नावांचा पडदा जागचा हलणार नाही," लेक म्हणाली आणि आईच्या कुशीत शिरली.

आज माझी गती मंदावली आहे. माझ्यातले सारे उतरवून घेण्यासाठी नवी डिस्क टेबलावर येऊन बसली आहे. जिथून आले तिथे मी आनंदाने जाईन. एका तबकडीवर मी दोन घरे नांदवली आणि एकीचा धक्का दुसरीला लागू दिला नाही. मागणे एवढेच, लेकी, की या नव्या डिस्कचे भाग पाडशील तेव्हा मधे थोडी माया ठेव.