सिद्धव्वाचा सोमवार

"सोमवार धरलास तर मोडू नकोस. सूर्य मावळल्याबिगर तोंडात घास घालायचा न्हाई."

सासूबाईंचे हे शब्द सिद्धव्वानं चोवीस वर्षं पाळले. लेकीचं लग्न सोमवारी आलं, तेव्हाही पंगतीत बसायचं सोडून ती वाढतच राहिली. आणि तीन आठवड्यांमागं त्याच सोमवारानं तिला तोंडघशी पाडलं.

बसवकल्याणात तिच्या भिंतीला भिंत लागून भाग्यलक्ष्मीचं घर. तिची रेणू नऊ वर्षांची, थॅलेसेमियाची. अंगातलं रक्त टिकत नाही म्हणून दर तीन आठवड्यांनी गुलबर्ग्याला जाऊन दुसऱ्याचं चढवायचं. दवाखान्यात या पोरांचा वार सोमवार. सकाळी आईच्या खांद्यावर मान टाकून जाणारी पोर संध्याकाळी बसच्या सीटवर उभी राहून गाणी म्हणायची. ते बघूनच सिद्धव्वानं शब्द दिला होता, "पुढच्या खेपेला एक पिशवी रगत माझं."

त्या सोमवारी ती सोबत गेली. वजन झालं, बोट टोचून तपासलं, सगळं झकास. मग नर्सनं विचारलं, "अक्का, सकाळी काय खाल्लाव?"

"काई न्हाई! आज माझा सोमवार हाय," सिद्धव्वा ऐटीत म्हणाली.

नर्सनं कपाळाला हात लावला. "उपाशी मानसाचं घेत न्हाई आमी. चक्कर येऊन पडलाव म्हंजे?"

रेणूला त्या दिवशी कुणीतरी आधीच देऊन ठेवलेलं रक्त मिळालं. परतताना तिचे गाल लाल झाले होते आणि जीभही सुटली होती. "मावशी, तुमच्या देवाला उपाशी चालतंय, दवाखान्याला जेवल्यालं लागतंय!" अख्खी बस हसली. सिद्धव्वाही हसली, पण आतून खजील झाली.

तेव्हापासून रेणू देवापुढं एक फूल जास्त ठेवायची. "हे रगत दिल्याल्या अण्णाचं."

"आन् अक्का असंल तर?" सिद्धव्वानं एकदा विचारलं.

"मग अक्काचं. देवाला म्हाईत हाय की!"

काल भाग्यलक्ष्मी म्हणाली, "अक्का, तुमचा नेम मोडू नगा. मिळंल कुनीतरी."

कुनीतरी! ज्याच्या नावाचं फूल पोर वाहते, तोही असाच आपला नेम कवटाळून बसला असता तर?

आज सोमवार. उजाडताच अंघोळ करून सिद्धव्वानं महादेवाला बेल वाहिला. मग चूल पेटवून दोन भाकरी थापल्या, झुणका केला. ताट देवापुढं ठेवलं.

"बाबा, आदी तू जेव. मागनं मी. तुझा परसाद कसा टाकू, सांग बरं?"

सासूबाईंच्या फोटोकडं बघायचं तिनं टाळलं. पहिला घास ती कितीतरी वेळ चघळत राहिली. मग तिला बसमधली ती गाणी आठवली आणि हसू फुटलं. दुसरा घास सरळ खाली गेला. दोन्ही भाकऱ्या संपल्या. वर तांब्याभर पाणी.

हात धुऊन आता मात्र तिनं फोटोला नमस्कार केला. "आत्याबाई, पोटभर जेवलेय. रागवू नगा."

भाग्यलक्ष्मीचं दार अजून बंद होतं. ते न वाजवता, पदर खोचून, आपली पिशवी द्यायला गुलबर्ग्याची पहिली बस गाठायची म्हणून सिद्धव्वा स्टँडकडं निघाली.