एकही प्यादं ठेवणार नाही

बुद्धिबळाने माणूस आधी स्वतःचा राग जिंकतो आणि मग जग जिंकणं त्याच्या डाव्या हातचा मळ होतो, असं स्पर्धेच्या उद्घाटनाला आलेले पाहुणे म्हणाले. तेवढ्यात माइक कुईं करून किंचाळला आणि पाहुण्यांनी माइकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मोठीला मात्र राग जिंकायचा नव्हता, वापरायचा होता. शेवटच्या फेरीत तिची गाठ सख्ख्या धाकट्या बहिणीशी पडली होती. जिंकली तर संघातली उरलेली एकुलती एक जागा तिची. नाहीतर ती जागा जाणार खिडकीपाशी नखं खात बसलेल्या चष्मेवाल्याला. धाकटी शर्यतीत नव्हतीच, त्यामुळे मजेत होती. आणि तिनेच सकाळी सगळ्या खेळाडूंसमोर, हवापाण्याची माहिती द्यावी तसं सांगितलं होतं की हरल्यावर ताई बाथरूममध्ये नळ सोडून रडते. चष्मेवाला खिंकाळला. पंचसुद्धा मिशीत हसले.

तीन-तीन मिनिटांचा डाव. मोठीने बघता बघता धाकटीचा वजीर उडवला, हत्ती, घोडे, उंट खाल्ले. दोन खेळ्यांत मात समोर दिसत होती. पण नुसती मात करून पोटातली आग विझणार नव्हती. हिचं एकही प्यादं ठेवणार नाही, असं दात खाऊन ठरवत ती एकेक प्यादं वेचायला लागली, भाजी निवडावी तसं. शेवटचं तिने असं भिरकावलं की ते घरंगळत टेबलाखाली गेलं. पटावर धाकटीचा एकटा राजा उरला. आता मात करायची म्हणून मोठीने हात उचलला, तर घड्याळात तिचा वेळ संपलेला.

"बरोबरी," पंच म्हणाले.

मोठी उसळली. डाव उघडउघड जिंकलेला, बरोबरी कसली?

"वेळ तुझा संपला, म्हणजे खरं तर तू हरायचीस," पंच शांतपणे म्हणाले. "पण हिच्याकडे मात करायला तू काही ठेवलंच नाहीस. एक प्यादं जरी सोडलं असतंस ना, तर गेली होतीस."

चष्मेवाल्याने नखं खाणं थांबवलं. मोठीचा राग धाकटीवर, पंचांवर, चष्मेवाल्यावर, पार पाहुण्यांवरही फिरून शेवटी मुक्कामाला स्वतःकडेच आला. ती उठली, बाथरूममध्ये गेली, कडी घातली आणि नळ सोडला.

बऱ्याच वेळाने दारावर टकटक झाली.

"ताई."

"मर तू."

"मरते. पण आधी बाहेर ये ना. नळाच्या आवाजाने मला जास्तच लागलीय."