आप्पांनी ऐकलेले सामने

विश्वजीतच्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. चेन्नईतल्या एका बास्केटबॉल सामन्यात, तिसऱ्या क्वार्टरला, बास्केटच्या कडेवरून परतलेला चेंडू धरायला त्याने उडी मारली आणि पाय जमिनीला टेकायच्या आतच काहीतरी सुटल्याचं त्याला कळलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या, दीड वर्ष व्यायामात गेलं, आणि शेवटी डॉक्टरांनी फार सभ्यपणे सांगितलं, की जिने चढा, सायकल चालवा, पण उड्या आता नकोत. अकरा वर्षं निरनिराळ्या संघांकडून खेळलेला, दोनदा भारताची जर्सी अंगावर चढवलेला हा सहा फूट चार इंचांचा माणूस मग बायकोला, तनुजाला, घेऊन छत्रपती संभाजीनगरला परत आला. पहिले काही महिने तो घराबाहेर पडायचंही टाळत असे, कारण रिक्षावाल्यापासून किराणावाल्यापर्यंत प्रत्येकजण त्याची उंची बघून हमखास विचारायचा, की साहेब, तुम्ही काय करता?

त्यातून त्याला बाहेर काढलं ते अतुलने. अतुल त्याचा शाळेतला सोबती. औरंगपुऱ्यात साड्यांच्या एका दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन त्याने मराठीतून खेळ दाखवणारं ॲप सुरू केलं होतं. सामना लुधियानाला किंवा कोचीला चालायचा, त्याची चित्रं इथल्या पडद्यावर यायची आणि भिंतींना फोम चिकटवलेल्या त्या गरम खोलीत कानाला हेडफोन लावून विश्वजीतने मराठीतून समालोचन करायचं, असं ते काम होतं. पहिल्या दिवशी तो चारदा अडखळला. पण दोन महिन्यांत, पूर्वी जे त्याच्या पायांना आपोआप उमगायचं ते जिभेला उमगू लागलं, आणि लोक त्याला आवाजावरून ओळखू लागले.

गंगापूरला त्याचे आईवडील राहत. आप्पासाहेबांची नजर काचबिंदूने गेली होती. ऊस आता वाट्याने दिलेला होता, आणि मुलाचं खेळणं थांबल्यापासून त्यांचं बोलणंही जवळजवळ थांबलं होतं. ओट्यावर बसून राहायचं, अर्धी भाकरी खायची, कुणी हाक मारली तर हुंकार द्यायचा. आईने, वच्छलाबाईंनी, एके दिवशी मोबाइलवर विश्वजीतचा सामना लावून तो त्यांच्या शेजारी ठेवला, तेव्हापासून मात्र ते दुपारी चारच्या सामन्याची वाट बघू लागले.

पहिला फोन आला तो पावसाळा सरताना. सामना संपवून विश्वजीत जिना उतरत होता.

"आज चांगला खेळलास," आप्पा म्हणाले.

"मी नाही आप्पा, मी नुसता बोलत होतो."

"व्हय, बोलत व्हतास की. चौदा नंबर, विश्वजीत, बावीस गुण. लई दिवसांनी कान निवले."

चौदा हा त्याचाच जुना नंबर होता. त्या दिवशीच्या दोन्ही संघांत चौदा नंबरचा कुणी खेळाडू नव्हता. म्हातारपणी असं होतं, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं. पण पुढच्या सामन्यानंतर फोन आईने घेतला आणि आवाज खाली आणून ती म्हणाली, "बापाचं मन राखायला सवताचं नाव घेतोस, बरं करतोस. दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी."

त्या रात्री त्याने रेकॉर्डिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. त्यात त्याचं नाव कुठेही नव्हतं.

रविवारी तो तनुजाला घेऊन गंगापूरला गेला आणि तेच रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लावलं. त्याला स्वतःचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता: बारा नंबरकडे पास, बारा नंबरचा प्रयत्न, हुकला. नेमक्या त्याच क्षणी आप्पांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "गेला आत." वच्छलाबाई मेथी निवडता निवडता हसल्या.

तनुजाने हलकेच विचारलं, "आप्पा, कुणी टाकला?"

"कुणी म्हंजे? ह्यानंच."

परतीच्या वाटेवर वाळूज लागलं. तेव्हा तनुजाने विचारलं, "त्यांना सांगणार आहेस?"

"काय सांगू? त्यांचा चेहरा पाहिलास ना तू?"

त्याने सांगितलं नाही. उलट, हे त्याने तनुजालाही कधी कळू दिलं नाही, पण तो त्या फोनची वाट बघू लागला. सामना संपला की तो गच्चीवर जाऊन उभा राहायचा आणि फोन आला की सहज विचारल्यासारखं विचारायचा, "किती झाले आज?" आप्पा सव्वीस म्हणायचे, कधी एकोणतीस, शेवटच्या मिनिटाला दोघांना चकवून कसा आत घुसलास ते सांगायचे, आणि बास्केटबॉलचं मैदान आयुष्यात धड न पाहिलेल्या त्या माणसाच्या तोंडून येणारा तपशील इतका बिनचूक असायचा, की विश्वजीतच्या पोटऱ्या आपोआप ताठ व्हायच्या. कुठेतरी तो खेळत होता. त्याला स्वतःला ते ऐकू येत नव्हतं एवढंच.

डिसेंबरात एकदा आप्पांचा आवाज वेगळा आला. "पाय जपून टाक रे. दुसऱ्या क्वार्टरपासून चौदा नंबर लंगडतोय, असं तूच म्हणालास."

विश्वजीत गच्चीच्या कठड्याला टेकला. "कुठला पाय?"

"उजवा."

त्यानंतर दर सामन्याला ते लंगडणं वाढत गेलं. विश्वजीतला रात्री झोप लागेना. पुढच्या सामन्याला, पुण्याचा संघ चांगला पुढे असताना, तो मध्येच माइकमध्ये म्हणाला, "त्याला बाहेर घ्या. बसवा त्याला बाकावर." काचेपलीकडून अतुलने मान वर केली, आणि मध्यंतरात आत येऊन विचारलं, "कुणाला बसवा म्हणालास, भाई? तब्येत बरी आहे ना तुझी?"

संध्याकाळी आप्पा म्हणाले, "नाय बसवलं. कोच तिकडं बघतच नाय म्हणालास तू."

मग त्याने सुट्टी घेतली. उपांत्य सामन्याचं समालोचन स्वराली नावाच्या नव्या मुलीने केलं आणि चांगलं केलं. विश्वजीत आणि तनुजा घरी बसून ते ऐकत होते. सामना संपला आणि पाच मिनिटांत फोन वाजला.

"आज तुझा आवाज लई जवळून आला," आप्पा म्हणाले. "पण तू दमलास. चौदा नंबर बी दमलाय."

त्याने आईला फोन द्यायला सांगितलं. "माय, उद्यापासून त्यांना सामना लावून देऊ नकोस. काही झालं तरी."

"मी आज लावलाच नाय," वच्छलाबाई म्हणाल्या. "फोन चार्जिंगला व्हता आतल्या खोलीत. हे आपले बसले ओट्यावर ऐकत. मला वाटलं आठवून आठवून बोलत्यात. मग मला बी आलं ऐकू."

अंतिम सामन्याच्या दिवशी तो दुपारी दोनलाच गाडी काढून निघाला. आपण समोर असलो, आपला हात त्यांच्या हातात असला, तर दुसरं काही ऐकू येणार नाही, असं त्याला वाटत होतं. त्याखेरीज काय करावं हे त्याला सुचलंही नव्हतं. पोचला तेव्हा चार वाजून गेले होते, कारण वाटेत उसाचा ट्रॅक्टर आडवा झाला होता. ओट्यावर ऊन होतं. आप्पासाहेब भिंतीला टेकून, मान जराशी डावीकडे कलती करून बसले होते. फोन जवळपास कुठेच नव्हता.

"आप्पा."

त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. "पडला," ते म्हणाले.

विश्वजीत त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. उजव्या गुडघ्यातून कळ आली. त्यांचे दोन्ही हात धरून त्याने ते स्वतःच्या चेहऱ्यावर ठेवले, मग खांद्यांवर, मग त्या दोन शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यावर. "मी इथं आहे. हे बघा, चाचपून बघा. मी कुठंही पडलो नाही. मी कधीचाच खेळत नाही, आप्पा."

आप्पासाहेबांची बोटं त्याच्या चेहऱ्यावरून फिरली, पण ओळखीच्या माणसावरून फिरतात तशी नाही. हात काढून घेत ते अदबीने म्हणाले, "बसा, बसा. माझ्या पोराचा सामना चाललाय. जरा गडबड झालीय तिथं."

वच्छलाबाई दारात आल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता, आणि त्याही विश्वजीतकडे बघत नव्हत्या. त्या आप्पांसारखीच मान कलती करून उभ्या होत्या. "माय," तो म्हणाला. त्यांनी त्याला गप्प राहण्याची खूण केली.

तेव्हा ते त्यालाही ऐकू आलं. आधी गोंगाट, मोठ्या बंदिस्त मैदानात घुमतो तसा. मग लाकडी फरशीवर धावणाऱ्या बुटांचा आवाज. आणि मग त्या सगळ्याच्या वर एक आवाज, सरावलेला, संथ, त्याचा स्वतःचा. विश्वजीतने दोन्ही हातांनी आपलं तोंड घट्ट दाबून धरलं. आवाज चालूच राहिला.

"स्ट्रेचर आत आणलं जात आहे. चौदा नंबरची काही हालचाल नाही. आणि समोरच्या रांगेत, प्रेक्षकांमधून, खेळाडूचे वडील उठून उभे राहिले आहेत."

आप्पासाहेब भिंतीला हात लावून सावकाश उठून उभे राहिले.