पाचवी ओळ

“थांब! ही दुसरी कुठनं काढलीस?”

फुलाबाई स्टुलावरून उठून थेट टेबलापाशी आली. दुरुस्तीच्या दुकानातल्या करुणाच्या हातात दोन हार्ड डिस्क होत्या, दोन्ही दिसायला सारख्याच.

“मावशी, तुमची डिस्क मरायला टेकलीय. तिच्यातलं सगळं आधी ह्या चांगल्या डिस्कवर उतरवायचं, मग शोधायचं. ही बघा तुमची, हिच्यावर तुमची फुली आहे.”

फुली होतीच. बारामतीत कुणी अदलाबदल करू नये म्हणून गावाहून, अंथुर्ण्याहून निघतानाच फुलाबाईने खुरप्याच्या टोकाने डिस्कच्या पत्र्यावर फुली ओढली होती. सकाळी ती पाहून करुणाने कपाळाला हात लावला होता. नशीब, ओरखडा वरवरचाच होता.

“पर मी हितनं हलायची न्हाय,” फुलाबाई म्हणाली.

“अख्खा दिवस जाईल.”

“जाऊ दे. भाकरी बांधून आणलीया.”

फुलाबाईचा कुणावर भरवसा नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दूध घालायला गेली तर नजर मापावर, देवळात गेली तर नजर चपलांवर. पण या खेपेला गोष्ट साधी नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या डाळिंबाच्या चार ओळी करपल्या. ऐन बहरात कुणीतरी झाडांवर तणनाशक मारलं होतं. कुणीतरी कशाला? बांधाला बांध लागून असलेला दीर महिपती, दुसरं कोण! दोन वर्षांपूर्वी बांधावरून त्याच्याशी वाजलं होतंच. पुण्यातल्या लेकाने बागेत कॅमेरा लावून दिला होता, त्यात चोर सापडलाच असता. पण लेक येऊन बघायच्या आतच, नेमका चौथ्या दिवशी, ही डिस्क असलेला कॅमेऱ्याचा डबा पिंपिं करून बंद पडला. तेही महिपतीनेच केलं, यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

मग तिने दोन्ही शेतांमधली पायवाट बाभळीच्या काट्या टाकून बंद केली आणि रोज सकाळी बांधावर उभी राहून दिराचा उद्धार सुरू केला. महिपती खाली मान घालून खुरपत राही. “मनात पाप न्हाय तर उलटून बोलत का न्हाय?” ती नवऱ्याला विचारी. गोकुळ नुसता मान हलवी. एकच गोष्ट तिला उमगत नव्हती. चार ओळी जळाल्या आणि पाचवी हिरवीगार कशी? “दमला आसंल मेला,” असं म्हणून तिने स्वतःची समजूत घातली होती. आज पुरावा हाती आला की उद्या इंदापूर गाठून पोलिसात तक्रार द्यायची, हे पक्कं होतं.

चारच्या सुमाराला करुणाने हाक मारली. “मावशी, तो दिवस सापडला.”

पडद्यावर बाग दिसली. आवाज नव्हता. पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला माणूस खालमानेने आत आला.

“त्योच! बघ, त्योच त्यो!”

माणूस ओळीतून चालू लागला. उजवा पाय जरा फरफटत टाकत. फुलाबाई पडद्याच्या जवळ सरकली. ती चाल ती अडतीस वर्षं बघत आली होती.

गोकुळने चार ओळी अगदी मन लावून फवारल्या. पाचवीत शिरला तोच पायवाटेने महिपती धावत आला. त्याने पंपाचं झाकण काढून वास घेतला आणि पंप भावाच्या पाठीवरून ओढून काढला. गोकुळ त्याच्याकडे अनोळखी माणसासारखा बघत राहिला. महिपतीने त्याला लिंबाखाली बसवलं, आपल्या उपरण्याने त्याचे हात पुसले. मग स्वतःच्या शेतातून पाइप ओढत आणला आणि पाचव्या ओळीतलं एकेक झाड धुवायला घेतलं.

“मागचं हाय का आनखी?” फुलाबाईने विचारलं.

करुणाने मागचे दिवस लावले. एका दुपारी गोकुळ बागेच्या फाटकात उभा. इकडे वळायचा, तिकडे वळायचा, पुन्हा थांबायचा. महिपती आला आणि हात धरून त्याला घराकडे घेऊन गेला. तीन दिवसांनी पुन्हा तेच. त्याच आठवड्यात साखरेच्या डब्यात मीठ निघालं होतं, आणि फुलाबाईने वाण्याला फैलावर घेतलं होतं.

“साऱ्या गावावर डोळा ठिवला मी,” ती म्हणाली, “आन् माज्या घरातला माणूस...” पदर तोंडाला लावून ती रडली.

करुणाने पाण्याचा पेला पुढे केला. “इंदापूरला न्यायला पेनड्राइव्हवर देऊ?”

“नगं,” फुलाबाई म्हणाली. करुणाने डिस्क तिच्या पिशवीत ठेवली. आपलीच आहे का, फुली आहे का, हे बघायचं तिला सुचलंही नाही.

उन्हं कलताना ती एसटीतून उतरली ती घरी न जाता थेट बांधावर गेली. पिशवी खाली ठेवली आणि हातांनीच काट्या ओढायला लागली. पलीकडून महिपती आला.

“वैनी, हाताला लागंल. कोयता आणतो.”

“लागू द्या, भावजी.” अंगठ्यात काटा मोडला तरी ती थांबली नाही. “एवढ्या शिव्या घातल्या तुमाला. बोलला का न्हाय?”

“काय बोलायचं? गावानं दादाला येडा म्हणलं आसतं.” त्याने आपल्या बाजूने काट्या उचलायला घेतल्या. “माजं काय, मला सवय हाय.”

वाट मोकळी होत आली तसा गोकुळ पाय फरफटत तिथे आला. काट्यांच्या ढिगाकडे बघत राहिला.

“ही वाट कुणी बंद केली व्हती गं?”

महिपतीने मान खाली घातली.

“मीच,” फुलाबाई म्हणाली, आणि अंगठ्यावरचं रक्त पदराला पुसून तिने त्याचा हात धरला.