सोन्यातला चौथा चौकोन

मित्रांनो, मी एक जुना काचेचा तुकडा आहे, तुमच्या नखाएवढा. पण तुकडा म्हणून हिणवू नका हं, माझ्या अंगावर सोनं आहे! कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ असा त्याचा थर, आणि त्यात लाखो भोकं. एका केसाच्या रुंदीत दीडशे मावतील, इतकी बारीक.

ती पाडली संशोधन करणाऱ्या एका ताईने. इतक्या लहान भोकातून उजेड जवळजवळ जातच नाही, असं सगळे म्हणायचे. ताई म्हणायची, भोकं ओळीत, सारख्या अंतरावर असली की भरपूर जाईल. ते दाखवता दाखवता माझी अकरा भावंडं वाया गेली. "ही शेवटची काच," तिचे सर म्हणाले, "नाही जमलं तर विषय बदल."

मशीन आयनांचा, म्हणजे विद्युतभारित कणांचा, बारीक झोत सोडायचं आणि एकेक भोक पाडायचं. टेबल हलता कामा नये. पण ताईला लहानपणापासून बसल्या बसल्या पाय हलवायची खोड! मशीन सांभाळणारे काका सारखे ओरडायचे, "अगं, पाय!" भोकांचे तीन चौकोन झकास झाले. चौथ्याच्या वेळी काका फोन घ्यायला बाहेर गेले, आणि ताईचा पाय टेबलाला लागत राहिला. भोकं तेवढीच पडली, मापही तेच, पण सगळी अस्ताव्यस्त.

"माती केलीस गं!" काकांनी कपाळावर हात मारला. ताई रडवेली झाली. मला वाटलं, आता आपली रवानगी कचऱ्याच्या डब्यात.

सकाळी त्यांनी मला दिव्यासमोर बसवलं. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आणि एकदम ओरडले, "अगं, हे पहिले तीन तर लालभडक पेटलेत!" मोजून पाहिलं, तर भोकांवर पडत होता त्याहून जास्त लाल उजेड पलीकडे जात होता; आजूबाजूच्या सोन्यावर पडणारा उजेडही भोकं ओढून घेत होती. काय सांगू, माझी छाती फुगली!

"आणि चौथा?" ताईने भीत भीत विचारलं.

"तो मिणमिणतोय." सर थबकले. मग त्यांनी हातच जोडले. "पोरी, भोकं तीच, तेवढीच, फक्त ओळ मोडलेली, आणि उजेड गायब! म्हणजे ही करामत ओळीचीच. तुझं म्हणणं खरं ठरलं. असा पुरावा मला सात जन्मांत सुचला नसता."

ताई रडत रडत हसायला लागली. विषय बदलला नाही. पुढे दूरदूरचे लोक मला बघायला यायचे, आणि आधी चौथाच चौकोन बघायला मागायचे.

आता मी एका डबीत असतो. मित्रांनो, मला कडेने धरा, सोन्याला बोट लावू नका. आणि तुमच्या हातून काही बिघडलं, तर फेकण्याआधी एकदा उजेडासमोर धरून बघा. माझ्या डबीवर काकांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: 'ताईच्या पायाची कृपा. फेकू नये.'