सूलानचा आठ

"धर तिला, धर," असं सासूबाई म्हणेपर्यंत माइमाइने हात उगारला होता, आणि माझा हात पोचेपर्यंत सोंगटी चहाखान्याच्या कठड्यावरून नदीत गेली होती.

माझ्या चौदा महिन्यांच्या लेकीला त्याच आठवड्यात फेकण्याची कला साधली होती. चमचा, डावा बूट, आजीचा चष्मा असं करत करत ती आता आजी आणि तिच्या मैत्रिणी खेळत होत्या त्या माजाँगच्या सोंगट्यांवर आली होती. पाण्यात डुबुक्क झालेलं ऐकून तिने स्वतःच टाळ्या वाजवल्या. आणखी कोणी वाजवल्या नाहीत.

"कोणती गेली?" फंग आजींनी विचारलं. त्यांना दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं.

ल्वो मावशींनी भराभर सगळ्या सोंगट्या उताण्या करून पाहिल्या. "आठ वान."

"मी दोन तास त्याच्याचसाठी बसले होते," निए बाई म्हणाल्या. "निदान मी तरी कशी बसले होते हे सगळ्यांना दाखवू द्या." आणि त्यांनी आपली रांग खरंच उघडी करून दाखवली.

वान म्हणजे दहा हजार. सोंगटीवर वर काळ्या रंगात आकडा, खाली तांबड्यात वान. प्रत्येक सोंगटी चारदा असते. आमच्याकडे आता आठ वान तीनच उरले होते. संच सासूबाईंचा, माझा नवरा जन्मला त्या वर्षी घेतलेला. पुढे हाड, पाठीला बांबू, आणि सगळं कोरीव काम हाताचं. चहाखान्यात आता आपोआप पिसणारी टेबलं आलीत, प्लास्टिकच्या सोंगट्या आल्यात, तरी या चौघी रोज दुपारी आपला डबा घेऊन यायच्या. कारण होत्या फंग आजी. त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर साऱ्याचा पडदा वाढलेला, दोनदा कापूनही उपयोग झाला नव्हता. त्या अंगठ्याने वाचायच्या. सोंगटी उचलली, अंगठा एकदा फिरवला, की झालं. पैजेला सूर्यफुलाच्या बिया असत आणि त्यातल्या निम्म्या संध्याकाळी फंग आजींच्या खिशातून घरी जात.

चहाखान्यातला प्लास्टिकचा संच त्यांच्या हातात दिला, तर त्यांनी अंगठा फिरवला आणि सोंगटी खाली ठेवली. "ही सोंगटी नाही. आजारी माणसाचा दात आहे हा. यात काही लिहिलेलंच नाही."

मग ल्वो मावशींनी कपड्याच्या साबणाचा आठ वान कोरला. रंग हुबेहूब हाडाचा. पण फंग आजींच्या अंगठ्याखाली तिसऱ्या दिवशी आठाचं काहीच राहिलं नाही, आणि चौथ्या दिवशी निए बाईंचा चहा सांडून टेबलभर फेस झाला. त्यानंतर फंग आजी यायच्या बंद झाल्या. त्यांची सून सांगत होती, नुसत्या भिंतीकडे तोंड करून बसतात. भात वाढला तर दोन घास खातात आणि वाटी परत सरकवतात. एक्याऐंशी वर्षांची बाई वाटी परत सरकवायला लागली की काय समजायचं, ते आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

इकडे सासूबाई दिवसभर घरी. माझ्या शिजत्या रश्शाचं झाकण त्या दर पाच मिनिटांनी उघडून बघायच्या आणि काही न बोलता बंद करायच्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठव्या दिवशी बोलल्या. "मुलगी तुझी, तेव्हा पायपीटही तुझी. यिनकडे जा."

यिन काकांचं दुकान भाजीबाजाराच्या मागच्या बोळात. एकेकाळी नदीच्या दोन्ही काठांवरचे माजाँगचे संच तिथून जायचे. आता ते लोकांच्या नावांचे शिक्के कोरतात. मी माइमाइला पाठीवर बांधून गेले, तीन जुने आठ वान त्यांच्यापुढे ठेवले आणि चौथ्याची हकीगत सांगितली.

"नदीत कुठे?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या खांबापाशी."

"तिथे खोल आहे," ते म्हणाले. "लांब फेकते पोरगी. हाताला वळण आहे."

कोऱ्या सोंगट्या त्यांच्याकडे होत्या. खालचा वान त्यांनी माझ्यादेखत कोरला, माइमाइची एक जांभई होईस्तोवर. "हा मूळचा विंचू," ते कोरता कोरता म्हणाले. "वर नांग्या, खाली शेपूट. फार जुन्या काळी हाडावर विंचूच काढायचे. पुढे दहा हजाराला अक्षर नव्हतं, उच्चार जवळचा म्हणून विंचवाला धरून आणलं. बिचारा तेव्हापासून मोजणीवर बसलाय." मग त्यांनी कोरणी खाली ठेवली आणि ते सोंगटीच्या वरच्या रिकाम्या जागेकडे नुसतं बघत राहिले.

"वरचं राहिलं, काका."

"दिसतंय. विंचू माझा. आकडे सूलान कोरायची. मी उभ्या जन्मात आकडा कोरला नाही."

सूलान त्यांची बायको. सहा वर्षांपूर्वी वारली.

आठ म्हणजे काय, दोन रेघा. एक डावीकडे उतरते, एक उजवीकडे, मध्ये वर फट. माइमाइने सांडलेल्या पेजेतसुद्धा आठ निघतो. यिन काकांनी कोरलेला पहिला आठ मी फंग आजींकडे घेऊन गेले. त्यांनी अंगठा फिरवला. "खाली यिनचा विंचू आहे, त्यात वाद नाही. पण वर हे कोण? रेघा वर टेकल्यात. हा आठ नव्हे, माणूस हे अक्षर झालं. माणूस दहा हजार अशी सोंगटी मी अजून खेळले नाही."

दुसऱ्याची फट इतकी मोठी की आजी म्हणाल्या, दारं सताड उघडी टाकून घरचे गावाला गेलेत. तिसरी सोंगटी माझ्या तळहातावर परत ठेवून त्यांनी माझी मूठ मिटली. "राहू दे गं पोरी. म्हाताऱ्याला उगीच त्रास."

मी हे शेवटचं वाक्य यिन काकांना सांगितलं ही माझी चूक.

"म्हातारा कोण?" ते म्हणाले. "ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे." त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि सूलानकाकूंचा एक जुना आठ दिव्याखाली धरला. "हे बघ. रेघेला डोकं असतं आणि शेपूट असतं. कोरणी शिरते तिथे खोल, निघते तिथे निमुळती. सगळं जग आठ वरून खाली काढतं. हिचं बघ. शिरलीय पायाशी आणि निघालीय डोक्याशी. उलटं. बाईचं सगळं उलटंच होतं."

"नेहमीच असं कोरायच्या?"

त्यांनी पत्र्याचा एक डबा उपसला, त्यातून एक पिवळी पडलेली सोंगटी काढली आणि भिंगाखाली धरली. बराच वेळ धरली. "नाही," ते नाखुशीने म्हणाले. "ही लग्नानंतरच्या वर्षातली. ही सुलटी आहे. तुमचा संच लोणच्यानंतरचा."

लोणच्याची गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, तरी त्यांनी ती मला त्यांच्या बाजूने सांगितली. सूलानकाकूंच्या लोणच्याच्या रांजणातलं पाणी त्यांच्या आईने दिलेलं होतं, आणि आईला तिच्या आईने. यिन काकांनी एकदा घाईत जेवणाच्या तेलकट काड्या त्यात बुडवल्या. लोणच्याच्या पाण्याला तेल लागलं की काय होतं ते सांगायला नको. चार दिवसांत वर पांढरी साय आणि गल्लीभर वास. तीन पिढ्यांचं पाणी गटारात गेलं. त्या दिवसापासून काकू बोलायच्या बंद झाल्या. आपला पाट उचलून त्या पलीकडच्या खोलीत गेल्या.

"किती दिवस?"

"अकरा वर्षं."

"आणि काम?"

"काम कसं थांबेल? मागणी होती. ती पलीकडे आकडा कोरायची आणि त्या खिडकीतून सोंगटी ठेवायची. मी इकडे विंचू घालायचो. दिवसाला साठ-सत्तर. अकरा वर्षांनी एकदा खिडकीतून म्हणाली, मीठ आहे का? मी म्हटलं, आहे. झालं."

दोन खोल्यांमधल्या भिंतीत खरंच हातभर खिडकी होती. तिच्याखाली दोन्ही बाजूंना माणसाच्या कोपरांनी गुळगुळीत झालेली फळी.

"आठाचा अर्थ माहितीय तुला?" यिन काकांनी विचारलं. मला माहीत नव्हता. आठ म्हणजे आठ. "आता लोक भरभराटीचा म्हणून गाडीला लावतात, दुकानाला लावतात. मूळचा अर्थ वेगळं होणं. एका वस्तूचे दोन भाग, एकमेकांकडे पाठ करून उभे. आकड्यासाठी लोकांनी ते अक्षर उसनं घेतलं आणि परत केलंच नाही. मग वाटणी हा शब्द लिहायची वेळ आली तेव्हा बिचाऱ्या आठाच्या खाली एक सुरी काढावी लागली. आज वाटणी लिहितेस म्हणजे आठ आणि सुरी लिहितेस." त्यांनी कोरणी उचलली. "आमचं तेच. वर तिचा आठ, खाली माझी सुरी. तीन खोल्यांचं घर, त्यात तिने आठ मांडला."

माइमाइ एव्हाना कंटाळली होती आणि तिची नजर भिंगावर गेली होती. भिंग उडायच्या आत मी तिला कामाच्या फळीच्या पलीकडे, माझ्यासमोर बसवलं. फळीवर हाडाची पांढरी भुकटी पसरली होती. घरी मी तिला भरवताना करते तेच केलं. भुकटीत बोटाने आकडे काढून दाखवायला लागले. एक आडवी रेघ. दोन. तीन. मग आठ काढला. ती वाकून बघू लागली आणि फेकायचं विसरली.

यिन काका माझ्या बोटाकडे बघत होते.

"तूपण उलटाच काढतेस," ते म्हणाले.

"उलटा नाही हो, काका. ती समोर बसलीय ना. रेघ मी माझ्याकडे ओढते, तरी आठ तिच्याकडून सुलटा आहे."

माझं लक्ष माइमाइकडे होतं. भुकटी ती खाणार की नाही हा प्रश्न होता. वर पाहिलं तर यिन काका खिडकीकडे बघत होते. मग त्यांनी भिंग परत लावलं, तीनही जुने आठ एकामागून एक पुन्हा पाहिले, आणि पिवळी सोंगटी पुन्हा पाहिली.

"माझ्याकडून सुलटी दिसायला ती नुसती ठेवताना फिरवून ठेवता आली असती," ते म्हणाले. "एवढं काय त्यात. कोरायची सुलटी आणि फिरवून ठेवायची."

"मग तुम्हाला हे कळलं नसतं."

"मला कळलं कुठे?" ते चिडून म्हणाले. "मी तिला उलट्या डोक्याची म्हणत होतो. अजूनही म्हणतो. जा तू आता. मुलीला भूक लागलीय."

तिला भूक लागली नव्हती, पण मी निघाले.

पाचव्या दिवशी त्यांनी सोंगटी पाठवून दिली. घरी सासूबाई, ल्वो मावशी आणि निए बाई या तिघींनी डोळे मिटून चारही आठ हातात घेतले आणि वेगळा कोणता यावरून भांडण केलं, म्हणजे जमलं होतं. पण पाठ! नवा बांबू पिकल्या लिंबासारखा, आणि बाकीच्या एकशे सात पाठी चहाच्या रंगाच्या. पाठीवरून ओळखू आला तर डाव कसला? सासूबाईंनी तो दोन दिवस कडक चहात बुडवला. मग रंग मुरावा म्हणून प्रत्येकीने पाळीपाळीने तो अंगावर वागवायचा असं ठरलं. ल्वो मावशींनी फोडणी देताना एप्रनच्या खिशात ठेवला. निए बाईंनी उशीखाली. सासूबाईंनी रोज सकाळी केसांना तेल लावून झाल्यावर तोच हात त्याच्यावर पुसला.

"निएने जराही चोळला नाही," ल्वो मावशी म्हणाल्या. "तिच्याकडून आला तेव्हा होता तसाच होता."

"माझं डोकं स्वच्छ असतं," निए बाई म्हणाल्या. "त्याला मी काय करू?"

गुरुवारी फंग आजींना त्यांच्या सुनेने हाताला धरून आणलं. संच परत पुरा झाल्याचं कोणी बोललं नव्हतं. नुसतं, या, चहा प्या, एवढंच. यिन काकाही आले, धुतलेला सदरा घालून, हात मागे बांधून. केस कापायला इकडून चाललो होतो म्हणाले. न्हावी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बसतो.

सोंगट्या पिसल्या. तो हाडाचा आवाज ऐकून फंग आजींनी बाह्या वर सरकवल्या. पहिला डाव निए बाईंनी जिंकला, दुसरा कोणीच नाही. तिसऱ्यात फंग आजींनी एक सोंगटी उचलली, अंगठा फिरवला आणि थांबल्या. पुन्हा फिरवला, वरच्या अर्ध्यावरच. मी माइमाइचे दोन्ही हात धरून ठेवले होते. ल्वो मावशींनी बी फोडायचं थांबवलं.

"हा नवा विंचू," फंग आजी म्हणाल्या. "अजून टोचतो. पण वरचा आठ..." त्यांनी मान वर केली. "यिन आलाय ना रे? तुझा वास येतोय, शिक्क्याच्या शाईचा."

"आलोय."

"हा तुझा नाही. हा सूलानचा हात आहे."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी यिन काकांकडे.

"हो," यिन काका म्हणाले. "तिने कोरून ठेवलेला एक सापडला. खाली विंचू तेवढा मी घातला."

"वाटलंच मला. तुझ्याने व्हायचा नाही तो."

"नाही होत," ते म्हणाले.

चहाखान्याच्या मालकिणीने त्यांच्यासाठी पेला आणून ठेवला होता. तो घ्यायला त्यांनी मागे बांधलेला डावा हात पुढे आणला. चार बोटांना चिकटपट्ट्या होत्या, एकीवर दुसरी. सासूबाईंना दिसल्या. त्या खाली बघून आपल्या सोंगट्या नीट लावू लागल्या, ज्या आधीच नीट होत्या.

"सूलान असती तर तुला शिकवलं असतं," फंग आजी म्हणाल्या. सोंगटी त्यांनी आपल्या रांगेत, टोकाला लावली आणि अंगठा तिच्यावरच ठेवला. "खेळा गं. पाळी कोणाची?"