सहाव्या मेजावरचा शेरा

आमच्या प्रयोगशाळेतील नऊ विश्लेषकांना यंदाच्या वार्षिक मूल्यमापनात प्रत्येकी एका इंग्रजी शब्दाचा शेरा मिळाला. नऊ शब्द वेगवेगळे होते, आणि नऊही ‘गुड’ या एकाच विशेषणाचे समानार्थी होते.

प्रयोगशाळा तेलुगू मुलखात, अंबरपेठेत आहे. औषधांचे नमुने तपासणे हे आमचे काम. शेरे लिहिले ते आमचे प्रमुख हणमंतराव यांनी. ते मूळचे बीदरकडचे मराठी. या कामात त्यांची तीस वर्षे गेली.

सोमवारी दुपारी चारुलता माझ्या मेजाशी आली आणि तिने मोबाइल पुढे धरला. शेरा होता ‘पासेबल’.

“मिलिंददा, तीन ठिकाणी अर्थ बघितला. एक म्हणतो बरा. दुसरा म्हणतो चालवून घेण्याजोगा. तिसरा म्हणतो, ज्यावरून गाडी जाऊ शकते असा. मी काय शेजारच्या नल्लकुंट्याचा रस्ता आहे?”

मी हसलो, ती हसली नाही. तिचा करार महिनाअखेर संपत होता. मुंबईच्या मुख्यालयाने प्रत्येक शब्दाला गुण ठरवले होते आणि करार पुढे चालू राहण्यासाठी पाचपैकी तीन गुण लागत. ‘पासेबल’ला दोन होते. निर्णय शुक्रवारी होणार होता. जूनमध्ये दुसरीकडून आलेली नोकरी तिने नाकारली होती, कारण हणमंतराव स्वतः म्हणाले होते, “थांब, इथंच कायम होशील.”

“थांब म्हणणारेही तेच, आणि हे लिहिणारेही तेच,” ती म्हणाली. “मराठी मुलीला पुढं केलं असं कुणी म्हणायला नक्को, म्हणून मला खाली दाबलं.”

“हर्षदही मराठी आहे. त्याला ‘सुपीरिअर’ मिळालं.”

“तेच तर! वर्षात सात अहवाल फेरतपासणीला परत आले त्याचे. माझा एक. आणि सकाळपासून म्हणतोय, सुपीरिअर म्हणजे वरिष्ठ, माझ्याशी अदबीनं बोला.”

तिचा संशय मला पटला नाही, पण माझा स्वतःचा एक संशय होता. करारावरच्या लोकांना वगळण्याचे आधीच ठरले असावे आणि शेरे त्याला साजेसे लिहून घेतले असावेत. संशय म्हणजे पुरावा नव्हे. मी तक्ता आखला. करारावर तिघे होते; त्यांपैकी एकाला ‘एक्सलंट’ होते. म्हणजे माझा संशय गेला. फेरतपासणीत परत आलेल्या अहवालांची संख्या, रजा, सेवेची वर्षे, यांपैकी कशाशीही शेऱ्यांचा मेळ बसेना. उत्तम काम करणाऱ्या सुजाताला ‘अ‍ॅडिक्वेट’, मला ‘फाइन’. वशिला म्हणावा तर त्यालाही काही धोरण असते. इथे तेही दिसेना.

बुधवारी मी नावे मेजांच्या क्रमाने मांडली. पहिल्या मेजापासून शेरे असे आले: अ‍ॅक्सेप्टेबल, अ‍ॅडिक्वेट, डिसेंट, एक्सलंट, फाइन, पासेबल, सॅटिस्फॅक्टरी, साउंड, सुपीरिअर. इंग्रजी वर्णमालेचा क्रम कुठेही मोडत नव्हता. योगायोगाने असे घडण्याची शक्यता तीन लाख बासष्ट हजार आठशे ऐंशीत एक.

मी तक्ता घेऊन हणमंतरावांकडे गेलो. चारुलताही आली.

त्यांनी चष्मा लावून तो पाहिला. “हौ, मेजांप्रमाणेच दिले. त्यात काय?”

“सर, पण का?”

“गतसाली नऊ जणांना ‘गुड’ लिहिलं. सगळे चांगलेच आहेत की. मुंबईनं परत पाठवलं, सारखे शेरे चालणार नाहीत म्हणे. यंदा इंग्रजी कोश उघडला. ‘गुड’खाली समानार्थी शब्दांची यादी होती, वरून एकेक घेत गेलो.”

“अर्थ नाही पाहिलेत?”

“समानार्थी लिहिलंय ना तिथं? मग अर्थ काय वेगळा बघायचा? पॅरासिटामॉल म्हणा, अ‍ॅसिटॅमिनोफेन म्हणा. रेणू बदलतो काय?”

आमच्या औषधकोशात समानार्थी नावे म्हणजे एकाच द्रव्याची नावे. त्यांत कमीअधिक काही नसते. तीस वर्षे त्यांनी तोच कोश वापरला होता.

“सर,” चारुलता म्हणाली, “तुमच्या या रेणूला दोनच गुण आहेत.”

तिने मुख्यालयाचा गुणतक्ता त्यांच्यासमोर ठेवला. तो त्यांनी पूर्वी पाहिलेला नव्हता.

“हे मुंबईला कळवलं, तर मी काम न बघताच शेरे दिले असं होतं,” तो वाचून ते म्हणाले. “निवृत्तीला दीड वर्ष आहे माझ्या.”

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि गुणतक्ता पुन्हा एकदा वाचला.

“घे मिलिंद, पत्र लिहून घे. आजच जाऊ दे.”

त्यांनी नऊही जणांच्या परत आलेल्या अहवालांची संख्या पत्रासोबत जोडायला लावली आणि पत्रावर सही केली. पत्राचा मजकूर असा होता:

‘यंदाचे शेरे कोणाच्याही कामाचे मूल्यमापन करून दिलेले नाहीत. एकच शेरा पुन्हा देता येत नसल्यामुळे मी कोशातील समानार्थी शब्द, सर्वांचा अर्थ तंतोतंत एकच असतो असे समजून, मेजांच्या क्रमाने वाटले. चारुलता यांना मिळालेला शब्द यादीत सहावा होता आणि त्या सहाव्या मेजावर बसतात. दुसरे कारण नाही.’